गेम खेळताना कॉम्प्युटर अचानक रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

मे महिन्याची दुपार, नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर. गेम ऐन रंगात आलेला असतो आणि स्क्रीन एकदम काळी होते. निळा पडदा नाही, एरर नाही. काही सेकंदांत मदरबोर्डचा लोगो दिसतो आणि कॉम्प्युटर काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो. युट्यूब, टायपिंग, नीटच्या तयारीची लेक्चर्स यावेळी मात्र कधीच तक्रार नाही.

दुकानात नेल्यावर बहुतेकदा दोनपैकी एक उत्तर मिळतं. "विंडोज खराब झालीय, फॉरमॅट मारू", नाहीतर "ग्राफिक्स कार्ड गेलं". पहिल्यात डेटा जातो, दुसऱ्यात पैसे. कार्ड वॉरंटीत पुण्याला किंवा हैदराबादला पाठवलं की काही आठवडे मोडतात, आणि ते ठणठणीत असल्याचा शेरा घेऊन परत आलं तर प्रश्न जिथल्या तिथे. म्हणून आधी घरीच थोडा तपास करा. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर नेमका कसा बंद पडतो ते बघा. आधी गेम अडखळायला लागतो, पंखे किंचाळतात आणि मग कॉम्प्युटर बंद पडून बंदच राहतो, तर संशय उष्णतेवर. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही भागलं नाही तरच बंद होतो. पण गेम लोण्यासारखा चालू असताना क्षणात अंधार आणि लगेच रीस्टार्ट, हे लक्षण बहुतेक वेळा विजेच्या पुरवठ्याकडे बोट दाखवतं.

आता विंडोज काय म्हणते ते वाचा. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टीम' उघडा आणि रीस्टार्टच्या वेळेची नोंद पाहा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल खूण दिसेल. पुष्कळ जण इथेच फसतात आणि '४१ दुरुस्त कसा करायचा' याचे व्हिडिओ पाहत बसतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. कारण त्यात नाही. नोंदीच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीजच तुटली असण्याची शक्यता मोठी. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेला, फक्त तुम्हाला दिसला नाही. 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज'मधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढली, की पुढच्या वेळी तो थांबेल आणि कोड वाचता येईल.

कॅबिनेटसोबत आलेला तो डबा

आपल्याकडे कॉम्प्युटर जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर घासाघीस होते, पॉवर सप्लाय मात्र कॅबिनेटसोबत 'फुकट' येतो. माझ्या मते अशा रीस्टार्टमागचा सर्वांत मोठा गुन्हेगार हाच. साधं काम करताना कॉम्प्युटर शंभर वॉटच्या आत भागवतो. गेम सुरू झाला की प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम वीज मागतात आणि मागणी ३००-४०० वॉटवर जाते. त्यातही ग्राफिक्स कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती त्याच्या ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर उसळी मारतं. ही उसळी इतकी गंभीर ठरली, की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात पॉवर सप्लायने क्षणभर दुप्पट भार सोसावा अशी तरतूद करावी लागली. साध्या सप्लायला ती झेपत नाही. तो स्वतःला वाचवायला वीज तोडतो.

त्यात आपला उन्हाळा. चांगले सप्लाय ४० किंवा ५० अंशांना पूर्ण वॉट देतील असं कंपनी सांगते, स्वस्तातल्यांचा आकडा बऱ्याचदा २५ अंशांचा असतो. मेमध्ये बंद खोलीत, टेबलाच्या कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटच्या आत २५ अंश कुठून येणार? हिवाळ्यात बिनतक्रार चाललेला कॉम्प्युटर उन्हाळ्यात रुसतो, त्याचं हे एक कारण.

याची चाचणी सोपी आहे. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट ६० वर बांधा, किंवा 'एमएसआय आफ्टरबर्नर'मध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. एवढ्याने रीस्टार्ट थांबला, तर विंडोज निर्दोष आहे. पॉवर सप्लाय कमी पडतोय किंवा थकलाय. कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलच्या दोन टोकांऐवजी दोन स्वतंत्र केबल लावून बघा. सप्लायचा डबा मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

यूपीएस वाचवतो की पाडतो?

घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. टायपिंग करताना लाइट गेली तर तो निवांत दहा मिनिटं काढतो, गेम चालू असताना तोच क्षणात मान टाकतो. लाइट पूर्ण जायलाही नको. संध्याकाळी गल्लीत कूलर-एसी सुरू झाले, व्होल्टेज खाली आलं, की यूपीएस बॅटरीवर जातो. दोन-तीन वर्षांची बॅटरी असेल तर खेळ खल्लास. पॉवर सप्लाय स्वतः वीज तुटल्यावर फार तर एका आवर्तनाएवढा, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. स्वस्त सप्लाय तेवढाही नाही.

व्होल्टेज स्थिर असेल अशा वेळी, पहाटे म्हणा, यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीच्या प्लगवर तासभर खेळा. रीस्टार्ट झाला नाही तर उत्तर मिळालं. यूपीएसवर मॉनिटर, राउटर, स्पीकर असं सगळं लटकवलं असेल तर आधी तो भार कमी करा.

अर्थिंग आणि धूळ

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग अर्थिंग तुटलेलं किंवा नावापुरतं आहे. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे बिनअर्थिंगच्या कॅबिनेटवर शंभर-एकशेदहा व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. केवळ त्यामुळे गेममध्ये रीस्टार्ट होणं दुर्मीळ, पण हे जिवाशी आहे, त्यामुळे वायरमनला बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं कुणाच्या डोक्यात येणार! पण ओतायला हवं.

खोलीचं तापमान १२ अंशांनी वाढलं की आतल्या भागांचंही जवळपास तेवढंच वाढतं. म्हणून साफसफाईला उन्हाळ्याआधीचा मुहूर्त चांगला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. तीन-चार वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला. कॅबिनेट पाण्याच्या कूलरसमोर ठेवू नका. थंड हवा मिळते खरी, पण दमट हवेत धूळ हीटसिंकवर लिंपल्यासारखी बसते.

एवढं करूनही थांबलं नाही, तर बायॉसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालवा. त्यात एकही चूक दिसली तर रॅम दोषी. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायॉस अपडेट टाळू नका. काही मॉडेल्समध्ये जादा व्होल्टेजमुळे चिप कायमची अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं, दुरुस्ती दिली आणि त्या मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेली चिप मात्र अपडेटने सुधारत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

दुकानात जायची वेळ आलीच, तर इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो आणि पॉवर लिमिट कमी केल्यावर काय झालं ते सोबत न्या, आणि नवा काही पार्ट विकत घेण्याआधी दुकानातला चांगला पॉवर सप्लाय जोडून, तुमचाच गेम लावून अर्धा तास चालवून दाखवायला सांगा.