तेलावांचून चाललेलें फवारणीयंत्र

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत कपाशी व सोयाबीन यांच्या फवारणीकरितां पाठीवरील पेट्रोलपंप वापरतात. त्याचें इंजिन पुष्कळदां टू-स्ट्रोक असतें. त्यांत तेलाचा निराळा सांठा नसतो. पेट्रोलांत मिसळलेलें तेलच बेअरिंग, पिस्टन व सिलिंडर यांस वंगण देतें. १९७२ सालीं निघालेल्या चेतक व लूना या गाड्यांमुळें वडील मंडळींस हें मिश्रण चांगलें ठाऊक आहे. चुकून निव्वळ पेट्रोल भरलें गेलें, तर पिस्टन तापून फुगतो व सिलिंडरांत अडकतो. आणि हें घडतें तें ऐन फवारणीच्या दिवसांत!

अशा वेळीं दोरी जोरानें ओढूं नये व टाकींतील इंधन फेंकूं नये. तोच पहिला पुरावा होय. इंजिन निवल्यावर, विस्तवापासून दूर, त्याचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. पेट्रोल उडून जातें, तेल असल्यास डाग उरतो. डाग मुळींच न उरल्यास कारण उघड झालें.

नंतर प्लग काढून दोरी हळूच ओढावी. इंजिन फिरलें म्हणून निर्धास्त होऊं नये. सायलेन्सर काढून, धूर जाण्याच्या वाटेनें पिस्टन पाहावा. उभे ओरखडे हें वंगण न मिळाल्याचें चिन्ह होय. परंतु इंधनांत हवा अधिक झाल्यासहि तसेच ओरखडे पडतात, म्हणून कागदाची परीक्षा आधीं. हवा येण्याच्या बाजूची मंद झीज बहुधा धुळीची असते. सिलिंडरांतील ओरखड्यांत नख अडकल्यास पिस्टन, रिंगा व सिलिंडर बदलावे लागतात. मात्र तत्पूर्वीं कनेक्टिंग रॉड खालवर हलवून पाहावा. त्याचें बेअरिंग ढिलें असेल, तर नव्या सामानाचा खर्च व्यर्थ जातो.