लाकडी हाडांच्या वेगवान मोटारी

फ्रान्स, इटली, जर्मनी आणि इंग्लंड या देशांत दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मोजक्या संख्येने बांधल्या गेलेल्या ज्या वेगवान मोटारी आज ‘क्लासिक स्पोर्ट्स कार’ म्हणून ओळखल्या जातात, त्यांचा विषय निघाला की किमतीचा आकडा पुढे येतो आणि मोटार मागे राहते. १९५५ मध्ये केवळ दोन नगांत तयार झालेल्या मर्सिडीज ३०० एसएलआर कूपेपैकी एक गाडी मे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेली, तेव्हा ती जगातील सर्वांत महाग मोटार ठरली. पण तिच्या पत्र्याखाली काय दडले आहे आणि ती इतकी दुर्मिळ का राहिली, यांविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. हे समजून घेण्याची साधने चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील वाचकाजवळ शहरी वाचकापेक्षा अधिक आहेत, असे म्हटले तर ते प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु या मोटारी ज्या काळात घडल्या त्या काळात त्यांच्या अंगी पोलादाइतकेच लाकूड, एरंडेल, लाख आणि सरस यांनाही स्थान होते, आणि या वस्तूंची पारख जंगलालगतच्या सुताराला, गाडीवानाला आणि लाख गोळा करणाऱ्याला पिढ्यान् पिढ्या आहे.

‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे शर्यतीत उतरवता येईल इतकी चपळ, तरी नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालवता येईल इतकी सोयीची, बहुधा दोन आसनांची मोटार, अशी ढोबळ व्याख्या करता येते. तिच्या जुन्या रूपाचे मर्म मात्र बांधणीच्या पद्धतीत आहे. त्या काळी मोटारीचा कारखाना अनेकदा केवळ चेसिस तयार करीत असे. चेसिस म्हणजे इंजिन, गिअरपेटी, चाके आणि स्टिअरिंग बसवलेला उघडा पोलादी सांगाडा. हा सांगाडा ग्राहक आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्याकडे पाठवीत असे आणि तेथे त्यावर त्याच्या मर्जीप्रमाणे शरीर चढवले जाई. पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी पॅरिस, मिलान आणि लंडन येथील घराणीच पुढे या धंद्यात आली, त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच वर्षीच्या दोन मोटारी एकमेकींपासून पूर्ण भिन्न दिसू शकत. युरोपात ही पद्धत इतिहासजमा झाली असली तरी विदर्भातील माणसाला ती परकी नाही; उघडी चेसिस, तिच्यावर लाकडी खोक्यात बसून वाऱ्यापावसाला तोंड देत ती गावापर्यंत आणणारा ड्रायव्हर, आणि बॉडी बांधण्याच्या कारखान्यात तिच्याभोवती जमलेले सुतार, वेल्डर, पत्रेवाले आणि पेंटर हे दृश्य कोळसा आणि लाकूड वाहणाऱ्या ट्रकांच्या मुलखात अनेकांनी पाहिलेले असते. पॅरिसच्या नामांकित कारागिराचे आणि ट्रकची बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीचे काम दर्जाने भिन्न असेल, पण जातकुळीने ते एकच आहे.

या शरीराच्या आत हाडे असत ती लाकडाची. ॲल्युमिनिअमचा किंवा पोलादाचा पातळ पत्रा आपला आकार आपण धरून ठेवू शकत नाही. म्हणून दारांच्या चौकटी, छताच्या कमानी आणि मागच्या भागाचे वळण आधी लाकडात कोरून त्यावर पत्रा मढवला जाई. त्यासाठी युरोपात ॲश या झाडाचे लाकूड पसंत केले जाई, कारण ते वाफेवर वाकवता येते आणि धक्का बसला तर तडकण्याऐवजी लवते. इंग्लंडमध्ये कुऱ्हाडीचे दांडे आणि हॉकीच्या काठ्या याच गुणामुळे त्याच्या करीत. इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील मॉर्गन कंपनी आजही आपल्या मोटारींच्या शरीरात ॲशची चौकट वापरते.

या ठिकाणी आलापल्लीच्या सागवानाची आठवण होणे स्वाभाविक आहे. गडचिरोली जिल्ह्यातील या सागाची कीर्ती जुनी असून अयोध्येच्या राममंदिरातील दारांसाठीचे लाकूड मार्च २०२३ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून रवाना झाले होते; कमलापूरच्या हत्ती कॅम्पातील हत्तींना एके काळी हेच ओंडके ओढण्याचे काम असे. मात्र ॲशचा खरा जोडीदार साग नव्हे. साग अंगच्या तेलामुळे वाळवीला आणि पाण्याला दाद देत नाही, दमट हवेत फारसा फुगत-आक्रसत नाही, पण धक्क्याला लवण्याचा गुण त्याच्यात कमी. तो गुण याच जंगलातील धामणीत आहे, जिच्या लवचीक लाकडाच्या कावडी आणि अवजारांचे दांडे होतात. त्याच पंक्तीत बैलगाडीच्या आणि नांगराच्या कामी येणारा तिवस आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला व गाडीच्या आसाला लागणारा धावडा बसतो. चाकाला एक लाकूड, आसाला दुसरे आणि साटीला तिसरे, ही गाडी बनवणाऱ्या सुताराची निवड आणि दाराच्या खांबाला एक व जमिनीच्या फळीला दुसरे लाकूड घेणाऱ्या युरोपीय कारागिराची निवड यांमागचा विचार एकाच धाटणीचा आहे.

लाकूडकामाशी असलेल्या या नात्याचे सर्वांत ठळक उदाहरण बुगाटी घराण्यात सापडते. एत्तोरे बुगाटी १८८१ मध्ये मिलान येथे जन्मला; त्याचा बाप कार्लो हा नामांकित फर्निचरकार आणि धाकटा भाऊ रेम्ब्रांट हा प्राण्यांच्या मूर्ती घडवणारा शिल्पकार होता. एत्तोरेने १९०९ मध्ये आल्सास प्रांतातील मॉल्सहाइम येथे कारखाना काढला आणि १९२४ मध्ये लिआँच्या शर्यतीत ‘टाइप ३५’ ही मोटार उतरवली. तिचे दोन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन एखाद्या फर्निचरच्या कपाटासारखे चौकोनी, सपाट पृष्ठांचे आणि काटकोनी कडांचे दिसते. पुढचा आस आतून पोकळ ठेवून, त्याच्यातच चौकोनी भोके पाडून पाट्यांच्या स्प्रिंगा त्यांमधून ओवलेल्या आहेत. चाके ॲल्युमिनिअमची ओतीव असून ब्रेकचा ड्रम त्यांच्यातच सामावलेला आहे, त्यामुळे चाक काढले की ब्रेक तपासणीसाठी आपोआप उघडा पडतो. आस पोकळ करणे ही खर्चिक हौस वाटेल, पण स्प्रिंगेखालचे वजन जितके कमी तितके चाक खडबडीत रस्त्याला अधिक चिकटून राहते, आणि सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरील ‘तार्गा फ्लोरिओ’ ही शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली त्यात या हलकेपणाचा वाटा मोठा होता. दुसरीकडे ‘रॉयाल’ या अवाढव्य मोटारीचे मोजकेच नग निघाले आणि तिच्या रेडिएटरच्या टोपणावर रेम्ब्रांटच्या शिल्पावरून घेतलेला, सोंड उंचावून मागच्या पायांवर उभा असलेला हत्ती बसवला होता. यंत्रापेक्षा मूर्तीकडे अधिक लक्ष जावे असा हा प्रकार, आणि बुगाटीच्या कीर्तीत अशा प्रकारांचाही भाग आहेच.

लाकडाला एक मोठा धक्का मिलानमध्ये बसला. तेथील तुरिंग या बॉडीकारांनी १९३६ मध्ये ‘सुपरलेजेरा’, म्हणजे अतिहलकी, ही पद्धत काढली. तीत लाकडी चौकटीच्या जागी बोटाएवढ्या जाडीच्या पोलादी नळ्यांचा पिंजरा येतो आणि त्यावर ॲल्युमिनिअमचा पत्रा गुंडाळला जातो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर चिकटवलेला कागद हा आकाशकंदिलाचा प्रकार डोळ्यांसमोर आणला की ही रचना कळते. दोन सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे, असलेली आल्फा रोमिओ ८सी २९००बी ही या पद्धतीची विख्यात मोटार, आणि १९३८ ची ब्रेशिया-रोम-ब्रेशिया ही सुमारे १,६०० किलोमीटरची ‘मिले मिल्या’ शर्यत तिनेच जिंकली. पत्र्याचे काम मात्र हातचेच राहिले. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने पत्रा ठोकून खोलगट करायचा, दोन गुळगुळीत चाकांमधून पुढे-मागे फिरवून ठोक्यांच्या खुणा मिटवायच्या आणि तळहात फिरवून उंचवटा शोधायचा. डोळ्याला न दिसणारी खोट हाताला लागते, हे तांब्याचा हंडा घडवणारा तांबटही जाणतो.

पत्र्याच्या आतही ओळखीचे पदार्थ आहेत. शर्यतीच्या इंजिनांना वंगण म्हणून दीर्घकाळ एरंडेल वापरले जाई, आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे नावसुद्धा एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून आलेले आहे. अतिशय तापलेल्या धातूवरही हे तेल आपला थर सोडत नाही आणि पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, हे त्याचे दोन गुण. थंड झाल्यावर आणि जुने झाल्यावर डिंकासारखे चिकट होते, हा दोष, त्यामुळे शर्यत संपली की ते काढून इंजिन धुवावे लागे. एरंडेलाच्या धुराचा गोडसर वास हा जुन्या मोटारींच्या शौकिनांचा आवडता विषय आहे. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण लावणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे एवढे कौतुक वाटले नसते.

लाखेची गोष्ट अधिक नाजूक आहे. जुन्या शर्यतीच्या मोटारींत ठिणगीसाठी बॅटरीऐवजी मॅग्नेटो असे. चुंबक आणि केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने स्वतःच वीज निर्माण करणारे हे यंत्र. वेटोळ्याच्या तारा एकमेकींना चिकटून वीज वाया जाऊ नये म्हणून त्यांवर चपड्याचा लेप देत. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख, आणि ही लाख पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर वाढणारे किडे तयार करतात. गडचिरोली आणि गोंदिया भागांत तिचे उत्पादन होते. मात्र हा लेप उष्णतेने मऊ पडतो आणि ओल धरतो. म्हणून सकाळच्या गारव्यात एका झटक्यात चालू होणारी मोटार अर्ध्या तासाने तापली की मध्येच बंद पडते, थंड झाली की पुन्हा निमूटपणे चालू होते, आणि मालक कार्ब्युरेटर खोलत बसतो.

मराठी मुलखाचा या मोटारींशी आलेला संबंध केवळ दर्शकाचा नाही. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या रोल्स-रॉइसने १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावरील ६२० मैलांच्या चाचणीत पश्चिम घाटाचे चढ पार करून विजय मिळवला, आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी विकत घेतली. ती स्पोर्ट्स कार नव्हती, परंतु यंत्राची परीक्षा सपाट रस्त्यावर नव्हे तर घाटात होते ही गोष्ट तिने हिंदुस्थानात रुजवली. मुंबईत तरुण जे. आर. डी. टाटा बुगाटी चालवीत. भरधाव चालवल्याच्या खटल्यासाठी त्यांनी जॅक विकाजी या वकिलांना गाठले आणि त्यांची पुतणी थेल्मा यांच्याशी १९३० मध्ये त्यांचा विवाह झाला. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३६ च्या सुमारास अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या सुपरचार्जरयुक्त चेसिसवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून केशरी-काळ्या रंगाचे दोन आसनी शरीर बांधून घेतले. चेसिस एका खंडातली, बॉडी दुसऱ्या खंडातली आणि मालक तिसऱ्या खंडातला, असे हे त्या युगाचे अस्सल अपत्य. कोल्हापूरच्या छत्रपतींची जर्मन मेबॅक आरामदायी वर्गातली, तरी दसऱ्याच्या शाही सोहळ्यात आजही लोक तिची वाट पाहतात.

महायुद्धानंतर सांगाडा आणि शरीर एकजीव असलेल्या मोटारी रुळल्या. या रचनेत पत्र्याचे कवचच भार पेलते, त्यामुळे सुटी चेसिस मिळेनाशी झाली आणि बॉडी बांधणाऱ्या घराण्यांपैकी बहुतेकांचे दरवाजे बंद झाले. दुर्मिळतेचे हे एक मोठे कारण. भारतात संस्थाने विलीन झाल्यावर अनेक मोटारी भंगाराच्या भावाने परदेशी गेल्या, आणि पुढे निर्यातीवर बंदी आली तेव्हा बरेच काही गेलेले होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत असलेल्या या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते.

दुरुस्तीपाशी खरा वाद सुरू होतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपुढे सहज जातो. त्यात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन प्रवाह तुटतो, सरसाचे जोड सुटतात, आणि पावसाळ्यात ॲशच्या चौकटीला वाळवी लागते. अशी कुजलेली चौकट काढून तिच्या जागी सागाची बसवली तर मोटार दीर्घायुषी होते, पण वजन व लवचीकता बदलते आणि कट्टर संग्राहकाच्या लेखी ती अस्सल राहत नाही. उलट, ज्या हवेत ती मोटार आयुष्यभर राहिली त्या हवेला मानवेल असे लाकूड स्थानिक सुताराने निवडणे हाही तिच्या चरित्राचाच भाग आहे, हे म्हणणे अधिक पटण्याजोगे आहे. मात्र त्या सुताराने जुन्या चौकटीचा एक तुकडा, तिच्यावरील युरोपीय कारागिराच्या पेन्सिलीच्या खुणांसह, आसनाखाली खिळून ठेवलेला असावा.