पडद्याचा जबाब

नागपूरच्या लकडगंजात सागवानाचा ओंडका घेणारा आधी त्याचं तोंड पाहतो. वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, क्रमांक, लांबी, घेर, सगळं तिथंच असतं. आरा मशीन नंतर. याच बाजारातल्या गल्ल्यांवर आता लॅपटॉप आलेत, आणि त्यांचा पडदा थरथरू लागला की निदान मात्र अंदाजपंचे होतं: "डिस्प्ले गेला भाऊ, बदलावा लागते." पडद्याच्याही आत नोंदी असतात. त्या वाचायला लिनक्समध्ये २०१६ पासून एक फाईल आहे.

फाईल म्हणायचं एवढंच, डिस्कवर तिचा मजकूर कुठंच नाही. 'डेव्ह' फोल्डरात 'डीआरएम_डीपी_ऑक्स०' असं लांबलचक नाव, सविस्तर यादीत ओळीच्या सुरुवातीला 'सी' हे अक्षर, म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, आणि आकाराच्या जागी दोन क्रमांक. ती वाचायला घेतली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ग्राफिक्स चिपमार्फत थेट पॅनेललाच विचारतो. यंत्र कुठलंही असो, त्याला फायलीच्याच दारातून गाठायचं, ही युनिक्सची १९७० च्या दशकातली युक्ती. ती अजून जुनी झालेली नाही.

लॅपटॉपच्या आत, बिजागरीजवळून, पॅनेलपर्यंत जाणाऱ्या ईडीपी (एम्बेडेड डिस्प्लेपोर्ट) केबलमध्ये चित्र नेणाऱ्या तारांच्या जोड्या असतात. त्यांना लेन म्हणतात. 'ऑक्स' ही जोडी त्यांच्यापासून वेगळी. वेग सेकंदाला जेमतेम १० लाख बिट, एका वेळी एकच बाजू बोलणार, आणि एका फेरीत फार तर १६ बाईट. चित्राशी तिला देणंघेणं नाही. पॅनेलमधली रजिस्टरं वाचायची आणि लिहायची, एवढंच तिचं काम. फाईल १ एमबीची मानली जाते आणि तिच्यातलं स्थान हाच रजिस्टरचा पत्ता. या साधेपणावर मी तरी खूष आहे. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. 'डीडी' ही म्हातारी आज्ञा आणि बाईट सोळाअंकी पद्धतीत दाखवणारं 'एक्सएक्सडी', झालं.

फायलीतला पहिला बाईट डिस्प्लेपोर्टच्या या नोंदींची आवृत्ती सांगतो: १२ म्हणजे १.२, १४ म्हणजे १.४. दुसऱ्यात एका लेनची कमाल गती, आकड्याला ०.२७ ने गुणायचं. '०ए' दिसलं तर दहा, म्हणजे सेकंदाला २.७ गिगाबिट. तिसऱ्याच्या खालच्या पाच बिटांत लेन किती ते कळतं.

दुरुस्तीवाल्याच्या कामाचं आहे ते याच्या बरंच पुढे. ५१४ बाईट सोडायचे आणि पुढचे दोन वाचायचे. प्रत्येक लेनला अर्धा बाईट वाटून दिलेला: घड्याळ जुळलं का, सिग्नल सावरला का, चिन्हांची लय पकडली का. तिन्ही बिट लागले की ७. दोन लेनचं पॅनेल ठणठणीत असेल तर पहिला बाईट ७७. तिथं ०७ आलं तर पहिली लेन शाबूत आहे, दुसरी सुटली. आता वाचन चालू ठेवून झाकण सावकाश हलवा. हलवताना ७७ चं ०७ होत असेल आणि परत ७७ येत असेल, तर संशय पॅनेलवर नको, बिजागरीपाशी रोज मुडपणाऱ्या केबलवर घ्या. पॅनेलच्या मानानं केबल स्वस्त, हे गिऱ्हाइकाला वेगळं सांगायला नको.

यातही एक मेख आहे. स्क्रीनवर काहीच हलत नसेल तेव्हा काही पॅनेलं स्वतःच्या स्मृतीतलं चित्र दाखवत राहतात आणि लेन झोपी जातात. अशा वेळी शून्य दिसलं म्हणून केबलला दोष देऊ नये. माउस हलवत वाचावं.

फाईल रूटच्या अधिकाराशिवाय उघडत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तिच्यात लिहिताही येतं. १५३६ या पत्त्यावर २ लिहिलं की पॅनेल झोपी जातं. चुकीच्या पत्त्यावर काही लिहून 'बघू काय होतं' करणाऱ्यांसाठी ही जागा नाही. काही लिनक्समध्ये कर्नल बनवतानाच ही सोय बंद ठेवलेली असते. मग फाईल दिसतच नाही. एलव्हीडीएस केबलच्या जुन्या लॅपटॉपांत तर ऑक्स जोडीच नसते, तिथं ही विद्या चालत नाही. आणि फाईल असूनही वाचनाला चूकच परत येत असेल, तर पॅनेलला वीज पोचते का हे आधी बघावं. त्याचा कनेक्टर नीट बसला नसेल तरी पॅनेल मुकं होतं.

पॅनेल बदलायचंच ठरलं तर आणखी एक नोंद पाहून घ्यावी. प्रत्येक पॅनेल किमान १२८ बाईटची ईडीआयडी नावाची ओळख बाळगून असतं आणि कर्नल तिची प्रत काढून ठेवतो. त्या प्रतीतले पहिले १७ बाईट सोडून पुढचा एक वाचायचा आणि त्यात १९९० मिळवायचे. '१एफ' म्हणजे ३१, म्हणजे २०२१ सालचं. दुकानदारानं "अगदी नवा माल आहे" म्हटल्यावर हा आकडा त्याच्याच काउंटरवर, पैसे देण्याआधी काढावा.