तीन मिलिमीटरचा हिशेब

हृदयाला रक्त पुरवणारी मोठी धमनी आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. ती तीनाची दीड झाली, की रक्तही निम्म्यावर येईल असं आपण धरून चालतो. पण नळीतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. व्यास निम्मा झाला, तर प्रवाह उरतो सोळावा हिस्सा! परळच्या केईएम रुग्णालयातून ‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ ऐकून बाहेर पडणारा माणूस उरलेल्या तीस टक्क्यांवर भिस्त ठेवतो. या हिशेबाने तिथे एक टक्काही उरत नाही. अर्थात हे गणित लांब, सरळ नळीचं. प्रत्यक्षातला अडथळा आखूड असतो आणि पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून शरीर बरीच तूट भरून काढतं. म्हणूनच अर्धी धमनी बुजलेली असतानाही लोक दादरचा पूल चढतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

अशा अरुंद धमनीत जी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवतात तिच्या तारा साधारण ०.०८ मिलिमीटर जाडीच्या. बलूनवर आवळलेली ती जाळी मनगटातून किंवा जांघेतून हृदयापर्यंत नेतात आणि बलून दहा-बारा वातावरणांच्या दाबाने फुगवतात. समुद्रात शंभराहून अधिक मीटर खाली पाण्याचा दाब एवढा असतो. १९८६मध्ये युरोपात माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसला, तो मात्र बलूनशिवाय, आपला आपणच उलगडणारा होता.

खरी परीक्षा स्टेंट बसल्यानंतर. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, म्हणजे दहा वर्षांत अडतीस कोटींच्या आसपास. त्यामुळे प्रयोगशाळेत स्टेंटला चाळीस कोटी ठोके सोसावे लागतात. सेकंदाला पन्नास ठोके दिले तरी यंत्र तीन महिने अखंड चालतं.

आता पैसे. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी ती सरासरी एक लाख एकवीस हजारांच्या घरात होती. त्या दिवसांत दादरच्या सराफाकडे तोळाभर सोनंही तीस हजारांच्या आतबाहेर मिळत होतं. म्हणजे पूर्वीचा स्टेंट चार तोळ्यांचा! आणि त्यात धातू असतो अवघा वीसेक मिलिग्रॅम. औषधाचा लेप, बलून, कारागिरी हे सगळं जमेला धरलं, तरी एका आदेशाने पाऊण किंमत उतरू शकते, तर आधीच्या किमतीत काय काय भरलं होतं, हे विचारायला हवंच.

केईएमच्या शेजारी, १९४१मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियलच्या जगात मोजमापंच वेगळी. कर्करोगाने अन्ननलिका बंद होऊन पाण्याचा घोटही उतरेनासा होतो, तेव्हा लागणारी जाळी दहा-पंधरा सेंटिमीटर लांब आणि सुमारे दोन सेंटिमीटर रुंद. निकेल-टायटॅनियमची ही जाळी बलूनशिवाय, आपली आपणच उलगडते.

मूत्रवाहिनीतला डीजे स्टेंट मात्र वीतभराहून लांब, पण दोनच मिलिमीटर जाड. तो कायमचा नसतो, काही आठवड्यांत काढायचा असतो. तारीख विसरली, तर लघवीतले क्षार त्यावर साचत जातात आणि मुतखड्यासाठी घातलेल्या नळीवरच नवा मुतखडा धरतो.