मुलीची फाईल कपाटात का जाते?

आपल्या मोहल्ल्यात संगणक शिकलेल्या मुली आता कमी नाहीत. कुणी बीसीए आहे, कुणी इंजिनिअर. पण लग्न ठरले की प्रमाणपत्रांची फाईल कपाटात जाते आणि बहुधा तिथेच राहते. मुलीला शिकवले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या शिक्षणाचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणूनच अफगाणिस्तानातील हेरात शहरच्या रोया महबूब यांची हकीकत आम्हाला वाचकांपुढे ठेवाविशी वाटली.

युद्धामुळे रोया यांचे कुटुंब इराणमध्ये निर्वासित म्हणून राहत होते. तालिबानची पहिली राजवट संपल्यानंतर ते हेरातला परतले. शहरात इंटरनेट कॅफे आले होते, पण तिथे वर्दळ पुरुषांचीच. तरीही रोया संगणक शिकल्या, हेरात विद्यापीठातून पदवी घेतली आणि २०१० मध्ये त्यांनी ‘अफगाण सिटाडेल’ ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. तिथल्या कर्मचाऱ्यांत मुलींची संख्या जास्त होती. २०१३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत त्यांचे नाव घेतले.

काम मिळाले, पण पगाराचा प्रश्न उभा राहिला. बहुतेक मुलींचे बँकेत खाते नव्हते. रोख रक्कम घरी नेली की ती वडील किंवा भाऊ ठेवून घेत. यावर रोया यांनी वेगळाच तोडगा काढला. त्यांनी काही मुलींना बिटकॉइन या आभासी चलनात मोबदला द्यायला सुरुवात केली. त्यासाठी फक्त मोबाईल पुरत असे. अर्थात या चलनाचा भाव सतत वरखाली होतो आणि हेरातच्या बाजारात ते खर्च करणेही अवघड होते. तेव्हा हा मार्ग धरा, असे आम्ही सांगत नाही. आपल्याकडे तर कोणत्याही बाईला स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडता येते. मुद्दा एवढाच, की कमाई जिची, तिच्याच हाती ती पोहोचली पाहिजे.

पुढे रोया यांनी शाळकरी मुलींसाठी संगणक केंद्रे काढली. त्यातूनच मुलींचा रोबोटिक्स संघ तयार झाला. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्पर्धेसाठी या संघाला अमेरिकेने दोनदा व्हिसा नाकारला. अखेर मुली पोहोचल्या आणि धैर्यासाठीचे रौप्यपदक घेऊन परतल्या. काही दिवसांतच हेरातमधील मशिदीवर दहशतवादी हल्ला झाला आणि त्यात संघाच्या कर्णधार मुलीचे वडील मारले गेले. तरीही संघ मोडला नाही. २०२० च्या कोरोनाकाळात याच संघातील मुली जुन्या टोयोटा कोरोला गाडीचे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटर बनवण्याच्या खटपटीत होत्या.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले. संघातील काही मुलींना देश सोडून कतार आणि मेक्सिकोत आसरा घ्यावा लागला. मागे राहिलेल्या मुलींना सहावीनंतरच्या शाळेचे दार बंद झाले. दहा-अकरा वर्षांत जे उभे राहिले, ते काही आठवड्यांत थांबले.

आपल्या मुलींवर असा कोणताही हुकूम नाही. त्यांची फाईल कपाटात ठेवणारे हात घरातलेच असतात. हजरत खदीजा (रजि.) यांच्या व्यापाराचा दाखला आपण भाषणांत आवर्जून देतो. घरातली सून व्यवसायाचे नाव काढते तेव्हा मात्र आपण ‘लोक काय म्हणतील’ म्हणतो.

मग घरच्यांनी करायचे काय? तिला दिवसातले चार तास मोकळे द्यावेत. त्या वेळात चहा-पाण्याची हाक तिला मारू नये. पहिले काम घरातूनच द्यावे: अब्बांच्या दुकानाचा हिशेब संगणकावर आणणे, मामूंच्या कारखान्याची वेबसाईट बनवणे. आणि त्याचे पैसेही द्यावेत. व्यवसाय थोडा आकाराला आला की ‘उद्यम’ नोंदणी करावी. ती ऑनलाईन होते आणि तिला शुल्क नाही. व्याजाच्या कर्जापासून दूर राहणाऱ्या घरांनी हेही लक्षात घ्यावे, की महाराष्ट्र शासनाच्या अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत महिलांच्या नोंदणीकृत स्टार्टअपला १ लाख ते २५ लाख रुपयांपर्यंत एकदाच अर्थसाहाय्य मिळते. अटी आहेत, त्या नीट वाचून घ्याव्यात.

या महिन्यात निदान एक करा. आपल्या घरातल्या मुलीला किंवा सुनेला ती फाईल बाहेर काढायला सांगा. मग तिच्या शेजारी बसून विचारा, ‘बेटा, यातले तुला काय काय येते?’ उत्तर पुरते ऐकून घ्या. सल्ला नंतर द्या.