पालियोचे मूळ रूप

जुन्या वस्तूला तिचे मूळ रूप परत द्यावे असे म्हणणे सोपे. पण मूळ रूप म्हणजे नेमके कोणते, हे ठरविताना घरातल्या चार माणसांची चार मते होतात. आमच्या बिदरच्या बिदरी भांड्याचे बरे असते. जस्त आणि तांब्याच्या त्या भांड्यावरची काळी झाक उडाली, तर कारागीर किल्ल्यातली माती आणि नवसागर घेऊन ती पुन्हा आणतो, आणि चांदीची तार पूर्वीसारखी उठून दिसू लागते. मोटारीच्या बाबतीत अशी एकच कृती नाही. हजारो सुटे भाग, वीस-बावीस वर्षांची धूळ आणि तीन मालकांच्या आवडीनिवडी एकत्र नांदत असतात.

आमच्या भालकीच्या घरी सध्या जी मोटार उभी आहे ती फियाट पालियो, १.६ जीटीएक्स. थोरल्या काकांनी ती २००२ साली सोलापुरात घेतली, पुढे ती त्यांच्या जावयांकडे गेली, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. १९९६ साली ब्राझीलमध्ये प्रथम विकली गेलेली ही मोटार २००१ मध्ये आपल्या देशात आली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. कुर्ला हे नाव फियाटच्या संदर्भात जुनेच. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्याच कंपनीची पद्मिनी कितीतरी मराठी घरांची पहिली मोटार ठरली. सोलापूरच्या माणसाने कुर्ल्याची फियाट घ्यावी यात काकांना मोठे औचित्य वाटे, आणि ते प्रत्येक पाहुण्याला ऐकावे लागे.

लहान अंगाची, मागे वर उचलायचे दार असलेली मोटार, पण आत तिच्या मानाने मोठे यंत्र, ही कल्पना युरोपात १९७६ साली फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने लोकप्रिय केली. तिचे यंत्र १.६ लिटरचे होते. आमच्या पालियोचेही तेवढेच: १५९६ घनसेंटिमीटर, सोळा व्हॉल्व्ह आणि सुमारे शंभर अश्वशक्ती. त्या काळी रस्त्यावर सर्वत्र दिसणारी मारुती ८०० ही ७९६ घनसेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ निम्मी. हुमनाबादहून हैदराबादच्या रस्त्याला लागल्यावर हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नसे. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. २००२ साली त्याने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली तेव्हा फियाटच्या वतीने मायकेल शूमाखरने त्याला फेरारी दिली, आणि आमच्या काकांना पालियो हीच फेरारीची धाकटी बहीण वाटू लागली. पेट्रोल मात्र ती बहिणीइतकेच पिई. लिटरला नऊ-दहा किलोमीटरांच्या वर ती आम्हांला कधी गेल्याचे आठवत नाही.

याच कारणाने तिचे मूळ रूप प्रथम बिघडले. जावयांनी तिला गॅसचे किट बसविले. सामान ठेवायच्या जागेत टाकी, तिच्यासाठी पत्र्याला पाडलेली चार भोके, इंजिनाजवळ कापलेल्या तारा. त्यावर कोणी मोठे कर्णे लावले, कोणी गाणी वाजविणारे यंत्र बदलले. आम्ही काम काढले तेव्हा हुमनाबादच्या वृद्ध मेस्त्रींनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मालक, यंत्र धडधाकट हाय. बिघडविलंय ते माणसांनी.” त्यांचे निदान खरे निघाले. आमचे निम्मे काम बसविण्याचे नव्हे, काढण्याचे होते.

काढण्याचे काम कागदावरही करावे लागते, हे येथे सांगून ठेवतो. नोंदणीपुस्तकात गॅसची नोंद असेल, तर किट उतरविल्यावर ती नोंदही आर.टी.ओ.कडून बदलून घ्यावी लागते. नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी मोटार एक आणि कागद दुसराच सांगतो.

यंत्रात प्रथम टायमिंग बेल्ट बदलला. हा रबरी पट्टा किती किलोमीटर चालला यापेक्षा किती वर्षांचा झाला हे पाहावे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाते. त्यानंतर पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सर्व रबरी नळ्या. कलबुर्गीकडचा वैशाखाचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना रबराचे काय होते ते सांगायला नको. दारांची बीडिंग हाताने चुरली जात होती.

सुट्या भागांची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. हैदराबादला काही मिळाले, सोलापूरला थोडे. पण बाकीच्यासाठी वाट कुर्ल्याचीच धरावी लागली. तेथील सी.एस.टी. रोडवरच्या जुन्या भागांच्या दुकानांतून एका मूळ आरशाची जोडी आणि खालचे आर्म मिळाले. जेथे मोटार जन्मली त्याच गावी तिचे अवशेष विकले जातात, हे पाहून आमच्या बरोबरच्या चिरंजीवांना हसू आले, आम्हांला आले नाही.

खरा वाद रंगावर झाला. एका शहरातील नावाजलेल्या वर्कशॉपने संपूर्ण मोटार घासून नव्याने रंगविण्याचा आग्रह धरला, आणि नकार दिल्यावर अंदाजपत्रक देण्याचेही टाळले. आमचे मत असे की, कारखान्यातला रंग एकदाच लागतो. छतावर तो फिका पडला आहे, डाव्या दारावर खरचटला आहे. तरी तो कुर्ल्यातला आहे. तेव्हा पोचे रंग न उखडता आतून दाबून काढले, एकच मडगार्ड रंगाचा मूळ क्रमांक पाहून रंगविले, बाकी सर्व पॉलिशवर भागविले. सौभाग्यवतींना ती अजूनही जुनीच दिसते. जुनी मोटार जुनी दिसावी, यात आम्हांला तरी उणेपणा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र काही केल्या मूळची ठेवता आली नाही. मोटार एम.एच. १३, म्हणजे सोलापूरची. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार तेथला क्रमांक घ्यावा लागतो. सोलापूरहून ना-हरकत दाखला, मग भालकीत अर्ज, कर्नाटकचा कर, आणि के.ए. ३९. पन्नास वर्षांपुढच्या मोटारींना जुना क्रमांक राखण्याची सोय २०२१ च्या नियमांनी केली आहे; आमची पालियो त्या वयाला पोचेल तोवर २०५२ उजाडेल. शिवाय २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये केले आहे, आणि ते दर पाच वर्षांनी भरायचे आहे.

घरातील वडीलधारी मंडळी क्रमांकाबद्दल बरीच हळहळली. आम्ही त्यांना १९५६ ची आठवण दिली. त्या वर्षी बिदर जिल्ह्यातला उदगीर मुंबई राज्यात गेला, जहिराबाद आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. घरे, शेते, देव्हारे होते तेथेच राहिले आणि पाटी तेवढी बदलली. यावर आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. तुम्हांला निदान अर्ज तरी करता आला.”

एम.एच. १३ च्या दोन्ही पाट्या पुसून माळ्यावर ठेवल्या आहेत. मागच्या उजव्या दिव्याची काच अजून मिळायची आहे. कुर्ल्याच्या दुकानदाराला नमुन्याचे छायाचित्र पाठविले आहे, आणि त्याने पोळ्यानंतर कळवितो असे सांगितले आहे.