खाजगी रान, धनेश आणि मोळीवाली

खाजगी जंगलात वन्यजीवांना थारा द्यावा, असे आज पुष्कळ जण सांगतात. मागणी रास्तच आहे. तिचा भार कोणी वाहायचा, एवढेच कोणी विचारत नाही.

रत्नागिरी जिल्हा घ्या. तेथे सरकारी वन फार थोडे. डोंगरउतारावरचे बहुतेक रान खाजगी मालकीचे. मालक उभे रान व्यापाऱ्याला विकतो आणि व्यापारी ते मजुरांकडून सरसकट तोडून घेतो. बुंध्यांना फुटवे येतात, काही वर्षांनी डोंगर पुन्हा हिरवा दिसतो. पण म्हातारे झाड कोठे उरत नाही. धनेशाला नेमके तेच लागते. या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. बेहड्याची वा आंब्याची जाड फांदी मोडते, तेथे बुरशी लागते, खोड आतून कुजत जाते, तेव्हा कोठे ढोली तयार होते. उन्हाळ्यात मादी तीत शिरते आणि एक फट ठेवून तोंड लिंपून घेते. नर वड-उंबराची फळे त्या फटीतून भरवतो. अशा वेळी झाड पाडले की मादी-पिल्ले सारीच जातात.

म्हणून तोड तुकड्यातुकड्याने व विणीचे महिने टाळून करावी. पोकळ झाडे, वड, उंबर राखावेत. वणवा लागू देऊ नये. वाळलेले झाडही उभे ठेवावे, कारण त्यात सुतार, तांबट, पिंगळे राहतात.

येथेच खरी अडचण आहे. वाळके लाकूड म्हणजे भूमिहीन बाईची मोळी. आणि तोड थांबली की मजुरी बुडते कोयतेवाल्याची. भरपाईची चर्चा निघते ती मालकापुरती!

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने, मालकाची तयारी असेल तर, खाजगी जमिनीवरही समुदाय राखीव क्षेत्र करण्याची सोय झाली. २०२२ च्या दुरुस्तीनुसार तेथील समितीत मालक, वनखाते आणि पंचायतीचा किंवा आदिवासी समाजाचा प्रतिनिधी असतो. नाव समुदायाचे, पण राबणाऱ्या भूमिहीनासाठी स्वतंत्र जागा नाही. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते, ते याच कोकणासाठी.

ढोलीची झाडे कोयतेवाल्याला ठाऊक असतात. राखायच्या झाडांवर खुणा त्यानेच कराव्यात, आणि राखणीची मजुरी त्याला रोख मिळावी. मोळीसाठी रानाचा एक भाग लेखी तोडून द्यावा. पंचायतीतर्फे कोण जाणार हे ठरण्यापूर्वीच ही मागणी ग्रामसभेत नोंदवून घ्यावी.